उबदार चाकाचं वाङ्मय

समीक्षकांकडे अभिप्रायासाठी कादंबऱ्या येतात. माझ्याकडे परवा मिनिआपोलिसहून एक आठ पानी पत्रक आलं, तेही फोनवर फोटो काढून. धाडणारा माझा मेव्हणा. "जिजाजी, तुम्ही बँकेतले. बारीक टाइप वाचायची तुम्हाला सवय. जरा नजर टाका."

विषय: आहे त्या गाडीला गरम होणारं स्टिअरिंग घरच्या घरी कसं बसवावं.

हसू नका. आपल्याकडे मे महिन्यात स्टिअरिंग फुकटात तापतं आणि आपण त्यावर ओला टॉवेल टाकतो. पण मिनेसोटात जानेवारीत पारा कधीकधी शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर जातो. इंजिन तापून हीटरला जाग येईपर्यंत मेव्हणा ऑफिसात पोचलेला असतो. जाड हातमोज्यांतून चाक निसटतं, पातळ मोज्यांत बोटं बधिर होतात. म्हणून चामड्याखाली तापणारी तार घातलेलं चाक. विजेच्या मोटारीत तर इंजिनाची फुकटची ऊबही नसते. सगळी गाडी तापवण्यापेक्षा चाक आणि सीट तापवणं बॅटरीला परवडतं. तेव्हा कथानकाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मांडणीबद्दल.

पहिल्याच पानावर लेखक म्हणतो, हे काम कोणीही अर्ध्या तासात करील. तिसऱ्या पानावर एकच वाक्य: 'एअरबॅग काढा.' संपलं! एअरबॅग म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे? मी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो हातातला पाना खाली ठेवून बोलू लागला. आधी बॅटरीची तार सोडवायची. मग गाडीच्या कंपनीने सांगितली असतील तितकी मिनिटं गप्प बसायचं, कारण तार सोडवली तरी आत थोडी वीज शिल्लक राहते. (खातं बंद केल्यावरही व्याज निघतं, तसं.) काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवायची, पालथी ठेवली आणि उडाली, तर ती अख्खी वर झेपावते. आमच्या लेखकाने एवढं सगळं दोन शब्दांत आटोपलं!

चाकामागे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी तार असते. चाक फिरलं तरी हॉर्नची आणि एअरबॅगची वीज तिच्यातूनच पोचते. तिचा मध्य चुकला, तर कधीतरी पूर्ण वळण घेताना ती तुटायची. शिवाय चाक तापवायला तिच्यात जादा तारा हव्यात. त्या सगळ्याच गाड्यांत नसतात. यावर पत्रकात अवाक्षर नाही. आणि चामडं पुसावं कसं, यावर मात्र दोन पानं, सचित्र!

शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत: 'काम तज्ज्ञाकडून करून न घेतल्यास कंपनी जबाबदार नाही.' अहो, मग तो पहिल्या पानावरचा 'कोणीही' गेला कुठे? आमच्या कर्जाच्या फॉर्मातसुद्धा ग्राहक इतक्या झटपट बेपत्ता होत नाही.

"हात लावू नकोस," मी फोनवर म्हटलं. "आधी तारा मोजून घे."

तो वर्कशॉपात गेला. जादा तारा नव्हत्या. नवी स्प्रिंग, एक स्विच, वर गाडीच्या कॉम्प्युटरला समजूत घालण्याची मजुरी. चाकापेक्षा चाकाचा परिवार महाग पडला. पण आठवड्याने सकाळी फोन आला, "जिजाजी, तापलं!"

"पत्रक टाकू नकोस. गॅरंटीला लागेल."

"गॅरंटी कितव्या पानावर आहे?"

मी चष्मा लावून आठही पानं पुन्हा चाळली. फडकं कोणत्या दिशेने फिरवावं, ते सातव्यावर आहे.