लाल देऊळ आणि आमचे घुमट

जगातील देखण्या प्रार्थनास्थळांची चित्रे आता घरोघरी पोहोचली आहेत. कधी दिनदर्शिकेवर, कधी मोबाइलवर. इस्तंबूलची निळी मशीद, बार्सिलोनाचे साग्रादा फामिलिया, दिल्लीतले कमळाच्या आकाराचे बहाई मंदिर. ती पाहून डोळे निवतात हे खरे. पण ही चित्रे सतत पाहून मनात एक समज घट्ट होतो, की प्रत्येक धर्माचा एक ठरलेला आकार असतो. घुमट दिसला की मशीद, कळस दिसला की मंदिर, टोकदार मनोरा दिसला की चर्च. हा समज तपासायला पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही.

लष्कर भागात मोलेदिना रस्त्यावर लाल विटांची एक उंच वास्तू उभी आहे. सुमारे नव्वद फुटांचा मनोरा, त्यावर घड्याळ, टोकदार कमानींच्या खिडक्या. परका माणूस तिला बेलाशक चर्च म्हणेल. प्रत्यक्षात ते ज्यू धर्मीयांचे ‘ओहेल डेव्हिड’ सिनेगॉग आहे. ‘ओहेल डेव्हिड’ म्हणजे दाविदाचा तंबू. आणि पुणेकर त्याला म्हणतात ‘लाल देऊळ’! इंग्रजी गॉथिक शैलीतले, ज्यू लोकांचे, बगदादहून आलेल्या व्यापाऱ्याने बांधवलेले देऊळ.

हा व्यापारी म्हणजे डेव्हिड ससून. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून तो निघाला आणि मुंबईत स्थिरावला. १८५३ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले तेव्हा इंग्रजी येत नसल्याने सही हिब्रूत केली. त्याच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. दानशूरपणाचे गोडवे गाताना हे विसरू नये. सिनेगॉगचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा. काम १८६७ मध्ये पुरे झाले, पण ते पाहायला ससून उरला नव्हता. १८६४ मध्ये पुण्यातच त्याचे निधन झाले आणि त्याच आवारात त्याची कबर आहे.

नावांची गंमत इथेच संपत नाही. मुंबईत बेने इस्रायलींचे सर्वांत जुने सिनेगॉग १७९६ मधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आले आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. म्हणजे ज्यूंची प्रार्थनेची जागा मुंबईत मशीद झाली आणि पुण्यात देऊळ! सामान्य माणसाला वास्तूचा धर्म नव्हे, तिथले पावित्र्य ओळखायचे होते. त्यासाठी जवळचा जो शब्द सापडला तो त्याने दिला.

आता सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी चला. त्रिशुंड गणपतीचे मंदिर भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतले आणि ते १७७० मध्ये पूर्ण झाले. काळ्या दगडातील त्याच्या दर्शनी भागावर हत्ती, मोर, पोपट आहेत आणि गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाईही आहेत. घडवणाऱ्यांनी आपल्या काळाची बातमी देवाच्या दारात कोरून ठेवली. आत तीन शिलालेख आहेत. दोन संस्कृत आणि तिसरा फारसी! ज्या लिपीचे वळण मी रोज फळ्यावर गिरवून दाखवतो, त्याच वळणाची लिपी पेशव्यांच्या पुण्यात गणपतीच्या मंदिरात बसली आणि कोणाला ती उपरी वाटली नाही.

या दोन वास्तू पाहिल्यावर प्रश्न आपल्याकडे वळतो. माझ्या वर्गातल्या मुलांना मशीद काढायला सांगितली की सगळे एकच चित्र काढतात : मधोमध घुमट, दोन बाजूंना दोन मिनार. त्यातल्या कित्येकांच्या मोहल्ल्यातली मशीद कौलारू असते, सागवानी खांबांची असते. ती त्यांच्या कागदावर कधी उतरत नाही. मुलांचे सोडा, मोठी माणसेही तेच करतात. पैसा जमला की जुनी मशीद पाडतात, स्लॅब टाकतात, वर फायबरचा तयार घुमट बसवतात आणि म्हणतात, ‘आता मशीद मशिदीसारखी दिसते.’

मग आधी ती कशासारखी दिसत होती? मदिनेतील पहिली मशिदे नबवी कच्च्या विटांची होती. खांब खजुरीच्या खोडांचे, छप्पर खजुरीच्या फांद्यांचे. घुमट नव्हता, मिनार नव्हता. तो आकार पुढच्या पिढ्यांनी देशोदेशीच्या कारागिरांकडून घेतला. चीनमधील शिआनच्या मशिदीला पॅगोड्याची छपरे आहेत. केरळात कोळिकोडची मिश्काल मशीद लाकडाची, उतरत्या छपरांची आहे. मालीतील जेन्नेची मशीद मातीची असून गावकरी दरवर्षी मिळून तिला लिंपतात. ढाक्याच्या बैतुर रऊफ मशिदीचा आराखडा मरीना तबस्सुम या स्त्री वास्तुविशारदाचा. २०१२ मधल्या या वास्तूला ना घुमट, ना मिनार. उघड्या विटांच्या भिंती आणि छतातल्या छिद्रांतून उतरणारा प्रकाश, एवढेच तिचे अलंकार. तिला २०१६ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, ससूननेही राज्यकर्त्यांच्या शैलीची नक्कलच केली ना? केली. त्यात सत्तेच्या जवळ जाण्याची हौसही असेल. पण गॉथिक कमान म्हणजेच आपला धर्म, असा त्याचा दावा नव्हता. उसनवारी वाईट नाही. त्रिशुंडाच्या शिल्पींनीही राजस्थान-माळव्याची वळणे घेतलीच होती. वाईट आहे ती उसना आकार हीच आपली ओळख मानून अंगणातली ओळख पुसून टाकण्याची घाई.

ही घाई समजण्यासारखी आहे. १९९२ नंतर ज्या समाजाला आपल्या वास्तूंविषयी सतत धास्ती वाटत आली, तो आपले अस्तित्व लांबून दिसावे म्हणून मिनार उंच करतो. परंतु कौलारू मशीद आपण इथल्याच मातीतले आहोत याची साक्ष देत उभी असते. ती साक्ष आपल्याच हातांनी पाडायची आणि मग परकेपणाच्या आरोपाला उत्तर शोधत फिरायचे, यात शहाणपण कोणते?

म्हणून मशिदींच्या विश्वस्तांना एकच विनंती. जागा अपुरी पडते, छप्पर गळते, या अडचणी खऱ्या आहेत. दुरुस्ती आणि वाढ करावीच लागेल. पण कुदळ मारण्यापूर्वी खांब मोजा, छायाचित्रे काढा, एखाद्या जाणत्या वास्तुविशारदाला बोलवा. हवा, उजेड, वजूचे पाणी आणि स्त्रियांना नमाजासाठी जागा यांचा विचार आधी करा. घुमटाचा विचार सर्वांत शेवटी केला तरी चालेल.