वामनदादा कर्डक ‘घडले’ कसे? उत्तराआधी पुरावा बघू

पेट झाली, निकाल लागला, की सिनॉप्सिसचा हंगाम सुरू होतो. मी रसायनशास्त्राची, तरी मराठी आणि समाजशास्त्राच्या मित्रमैत्रिणींचे सिनॉप्सिस माझ्याकडे वाचायला येतात. कारण सोपं आहे, मी विषयातली नाही त्यामुळे ‘हे कशावरून?’ असं बिनधास्त विचारते. त्यात एक विषय दरवर्षी असतोच: लोककवी वामनदादा कर्डक यांच्या गीतांतील अमुक जाणीव. अमुकच्या जागी कधी सामाजिक, कधी आंबेडकरी, कधी विद्रोही. विषय वाईट नाही. पण पहिल्या पानावर वामनदादांच्या उदयाची जी गोष्ट सांगितलेली असते ती मला पटत नाही, आणि का पटत नाही हे आज जरा सविस्तर सांगते.

गोष्ट अशी. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचं गाव आहे. तिथे 15 ऑगस्ट 1922 ला जन्म. पोटासाठी मुंबई. मोलमजुरी, समता सैनिक दल. कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं, ते वाचता आलं नाही, लाज वाटली आणि मग मोठ्या वयात अक्षरं शिकले. 1943 मध्ये राणीच्या बागेत बसून एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर पहिलं विडंबनगीत रचलं. तेव्हा वय वीस-एकवीस. त्यानंतर 2004 मध्ये जाईपर्यंत गाणी लिहिणं आणि गात फिरणं. ही हकीगत त्यांच्यावरच्या बहुतेक लेखनात थोड्याफार फरकाने येते.

इथून सिनॉप्सिस थेट उडी मारतो: ‘निरक्षर असूनही उपजत प्रतिभेच्या बळावर ते महाकवी झाले.’ झालं. पुढची दोनशे पानं या एका वाक्यावर उभी.

तुम्ही प्रयोगशाळेत काम केलं असेल तर तुमच्या लक्षात येईल की ‘उपजत प्रतिभा’ हे स्पष्टीकरण नाही, ते प्रश्नालाच दिलेलं दुसरं नाव आहे. प्रतिभा होती हे कशावरून? गाणी गाजली म्हणून. गाणी का गाजली? प्रतिभा होती म्हणून. गोल फिरतंय. ज्या हायपोथिसिसला खोटं ठरवायची सोयच नाही तो कितीही आदराने मांडला तरी आपल्या उपयोगाचा नाही.

आणि माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘निरक्षर’ या शब्दावर भर दिला की त्या माणसाने कमावलेली कारागिरी दिसेनाशी होते. त्यांची गाणी नीट ऐका. मुखडा लहान असतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीत साथ देता येईल एवढा. कडव्याच्या शेवटी यमक असं बसवलेलं असतं की पेटीवाल्याला आणि कोरसला मुखड्यावर कधी परतायचं ते सांगावं लागत नाही. शब्द शेतातले, चुलीपाशीचे. पण विचार मात्र घटना, हक्क, संघटना असा. हे आपोआप होत नाही. समोर बसलेल्या हजार माणसांत पाठीमागच्या ओळीतल्या माणसाला काय ऐकू जाईल याचा हिशेब त्यात आहे. पुस्तकी टीकाकाराला हा हिशेब दिसत नाही, कारण तो गाणं वाचतो.

चालीचंही तसंच. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले म्हणून काही जण नाक मुरडतात, उसनं म्हणतात. पण चाल लोकांच्या तोंडात आधीच असेल तर त्यांना फक्त शब्द शिकावे लागतात, म्हणजे अर्धं काम झालेलं असतं. अमेरिकेत साधारण त्याच काळात वुडी गथ्री हा तरुण जुन्या धार्मिक आणि लोकगीतांच्या चालींवर मजुरांची गाणी रचत होता, आणि तिथले अभ्यासक त्याला परंपरेचा भाग म्हणतात. आपल्याकडे कीर्तनकारांनी, शाहिरांनी शेकडो वर्षं हेच केलं. मग चाळीतल्या पोराने केलं की नक्कल?

आता वाट बघू, म्हणजे गाणं लोकांपर्यंत कशावरून गेलं. वामनदादा उभे राहिले तेव्हा जमीन तयार होती. 1930 च्या दशकातच नाशिक-मुंबई भागात आंबेडकरी जलसे सुरू झाले होते, त्यात भीमराव कर्डक हे मोठं नाव. (आडनाव एक, माणसं दोन. बाबासाहेबांनी जलशाची तुलना आपल्या दहा भाषणांशी केली होती असं जे सांगतात ते भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल. ते वामनदादांना चिकटवू नका.) म्हणजे तंबू, ढोलकी, गण, वग, मधूनच प्रबोधन, हे ऐकायला बसण्याची सवय लोकांना आधीच होती. मग 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. यानंतर वर्षाचं एक नवं कॅलेंडरच तयार झालं: 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर. जुने सण, जुनी दैवतं, जुनी गाणी सोडलेल्या माणसांना दरवर्षी चार-पाच वेळा नवी गाणी लागणार होती. बारशाला, लग्नाला, पुण्यानुमोदनाला, सगळ्यालाच. मागणी एवढी आणि पुरवणारे हात थोडे. वामनदादांच्या उदयाचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि त्याने त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. मागणी सगळ्यांसाठी सारखीच होती, ती पेलली मात्र मोजक्यांनी.

आपल्या बुलढाण्यातल्या गावांत ही साखळी अजून दिसते. जयंतीला गायन पार्टी येते. पेटी, ढोलकी, बेंजो. मुख्य गायकाच्या मांडीवर कडा कुरतडलेली एक वही असते. त्यातली गाणी त्याने त्याच्या गुरूच्या वहीतून उतरवलेली, गुरूने आणखी कुणाच्या. विज्ञानवाल्यांनो, हा सॅम्पलचा प्रवास आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं प्रदूषण आहे: शब्द बदलतो, कडवं गळतं, गावाचं नाव घुसतं.

इथे वामनदादांनीच एक सोय करून ठेवलीय. त्यांच्या अनेक गाण्यांत शेवटी ‘वामन’ हे नाव येतं. तुकोबांच्या अभंगात येतं तसंच. आजच्या भाषेत म्हणायचं तर मेटाडेटा, पण फाइलच्या बाहेर नाही, गाण्याच्या आत, यमकात शिवलेला. काढायला गेलं तर ओळ उसवते. तरीही सावध राहा. वेळ कमी पडला की गायक शेवटचंच कडवं गाळतो, आणि नाव गेलं की गाणं ‘पारंपरिक’ होतं. उलटंही होऊ शकतं. गाजलेल्या नावाची मुद्रा दुसऱ्याच्या रचनेला लागते. तुकोबांच्या गाथेत कुठले अभंग खरे आणि कुठले मागाहून आलेले हा वाद जुनाच आहे. म्हणून नाममुद्रा हा पुरावा आहे, निकाल नाही.

तुलनेसाठी घरचंच उदाहरण घ्या. मेहकरचे ना. घ. देशपांडे (1909–2000). पेशाने वकील. त्यांची तरुणपणची एक कविता जी. एन. जोशींनी एचएमव्हीसाठी गायली. (हे जोशी भावगीतवाले. व्हायोलिनवाले गजाननराव जोशी वेगळे. या लेखात जुळी नावं फार.) 1930 च्या दशकाच्या सुरुवातीची ती रेकॉर्ड मराठी भावगीताच्या इतिहासात आरंभाची मानली जाते. कवीचा संग्रह ‘शीळ’ मात्र आला 1954 मध्ये. वामनदादांचं पहिलं गाणं 1943 चं धरलं तर त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह 1973 चा, ‘मोहळ’ 1976 चा. दोघांचंही गाणं पुस्तकाच्या कितीतरी आधी लोकांत पोचलेलं. एकाचं तबकडीवरून, दुसऱ्याचं तोंडातोंडी. पण तबकडीला कंपनी असते, नंबर असतो, कॅटलॉग असतो. तोंडाला नसतो. एकाचा उदय कागदावर शोधता येतो, दुसऱ्याचा आठवणींत शोधावा लागतो. ना. घ. यांना 1986 मध्ये ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, योग्यच झालं. वामनदादा त्या यादीत नाहीत. दर्जाची चर्चा जरूर करा, पण त्याआधी एवढं विचारा की जी व्यवस्था छापील पुस्तक मोजते तिला मांडवातलं गाणं मोजता येतं का.

मोजण्यावरून आठवलं. वामनदादांनी दहा हजार गाणी लिहिली असं सर्रास म्हटलं जातं आणि प्रबंधात तसंच्या तसं उतरतं. साधा भागाकार करा. 1943 ते 2004 ही 61 वर्षं, म्हणजे साधारण 22 हजार दिवस. दर सव्वादोन दिवसांना एक गाणं, तेही सलग एकसष्ट वर्षं. अशक्य म्हणणार नाही मी. मांडवात उभ्याउभ्या रचणाऱ्या माणसाला ते जमूही शकतं. पण मग गाणं म्हणजे काय ते आधी ठरवा. त्याच मुखड्याला नवी तीन कडवी जोडली तर एक की दोन? आकडा लिहिण्याआधी व्याख्या लिहा.

आपल्या लोणारचंच बघा. सरोवराचं वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं आलं, पुढे आर्गॉन पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. खड्डा तोच, बदललं ते मोजायचं साधन. पहिलं गाणं कोणतं, किती गाणी, कधी गाजली, यांची उत्तरंही तुम्ही कशाने मोजता त्यावर हलणार आहेत. मुलाखत, वही, छापील पुस्तिका, कॅसेट ही चार वेगवेगळी साधनं आहेत आणि चौघांची चूक वेगवेगळ्या दिशेने जाते.

जयंतीच्या स्टॉलवरच्या त्या स्वस्त पुस्तिकांना कमी लेखू नका. शर्मिला रेगे यांचा 2008 चा ईपीडब्ल्यूमधला लेख जरूर वाचा. चैत्यभूमीसारख्या ठिकाणी जमणाऱ्या गर्दीला ‘अंधभक्ती’ म्हणून निकालात काढणाऱ्यांना त्यांनी गाणी आणि पुस्तिकांच्याच आधारे उत्तर दिलंय. मेक्सिकोतही कोरिदो नावाची पोवाड्यासारखी गाणी एका पानावर छापून रस्त्यात विकत असत, आणि आज तीच पानं तिथल्या इतिहासकारांचं साधन आहेत. आपल्याकडे तीच वस्तू रद्दीत जाते.

आजच्या गायकांचं सोपं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलच्या व्हिडिओंतून महाराष्ट्रभर गेला. तो व्हिडिओ कधी चढवला, किती जणांनी पाहिला, सगळं नोंदलेलं. वामनदादांसोबत बसलेले, त्यांच्याकडून थेट चाल घेतलेले गायक मात्र आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांच्या घरातल्या कॅसेटींना बुरशी लागतेय. त्यामुळे खरं सांगते, ‘जाणिवा’वाला विषय पाच वर्षं थांबला तरी चालेल, ही माणसं थांबणार नाहीत.

यावर काम करायचं असेल तर गाइडकडे जाताना शीर्षक नेऊ नका, एक वही न्या. आपल्या तालुक्यातल्या एका जुन्या गायकाकडे जा. परवानगी घेऊन वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानंसुद्धा, क्रम बिघडवू नका. प्रत्येक गाण्यासाठी तीनच गोष्टी विचारा: कुणाकडून घेतलं, कुठल्या चालीवर, पहिल्यांदा कुठे गायलं. ‘वामनदादा तुम्हाला कसे वाटतात’ हे मुळीच विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. मग तेच गाणं ‘वाटचाल’ किंवा ‘मोहळ’मध्ये आहे का बघा आणि दोन्ही पाठ शेजारी मांडा. फरक कुठे पडतो, मुखड्यात की शेवटच्या कडव्यात, ते मोजा. माझा अंदाज असा की मुखडे जसेच्या तसे टिकलेले असतील आणि मधली कडवी हललेली असतील. पन्नास गाण्यांत तसं आढळलं नाही तर उत्तमच, मला कळवा. पुढचा लेख त्यावर लिहू.