गाण्याचं सुतक आता पुरे

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हच्या जुन्या गाण्यांचा हल्लीचा कुठलाही संग्रह घ्या. आधी कत्तल भेटते, गाणं मागाहून येतं. १७ एप्रिल १९७५, कम्युनिस्ट ख्मेर रूजने रिकामं केलेलं शहर, त्या राजवटीत बळी गेलेले १७ ते २० लाख लोक, बेपत्ता झालेले गायक सिन सिसामुथ आणि रोस सेरेसोथिया. यातलं अक्षरही खोटं नाही. पण एवढं वाचून रेकॉर्ड लावणारा माणूस शोकसभेला बसतो आणि ऐकायचं राहून जातं. माझा राग त्यावर आहे.

गायिका पेन रानच ऐका. एकतिशीतही लग्न न झालेली बाई तिच्या एका गाण्यात भर मैफलीत आपली कैफियत मांडते, आणि तीही ठसक्यात, रडगाणं न गाता. खाली ताल चा-चा-चाचा किंवा ट्विस्टचा, वर गळ्यातल्या हरकती अस्सल ख्मेर. सायगॉनहून ऐकू येणारा अमेरिकी सैनिकांचा रेडिओ, क्युबन ताल, फ्रेंच गाणी, लग्नाकार्यातल्या रोम वोंग नाचाची लय, हे सगळं या शहराने पचवून स्वतःचं केलं. योल आउलारोंगने तर गिटारच्या कर्कश आवाजात प्रतिष्ठितांची टर उडवली. सिसामुथचं खरं बळ मात्र संथ विरहगीतांत आहे. आपल्या भावगीतासारखा शब्द जपत जाणारा तो स्वर परदेशी संग्राहकांनी बाजूला सारला, कारण त्यांना फक्त धडाकेबाज गिटार हवी होती.

लॉस एंजेलिसच्या ‘डेंग्यू फीव्हर’ या बँडने या गाण्यांसाठी दार उघडलं, मागून आलेल्या नकलांबद्दल लिहावं असं काही नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांवर नवे ड्रम चढवलेल्या कॅसेटींबद्दलही नाही. जॉन पिरोझीच्या या गाण्यांवरच्या २०१४च्या माहितीपटाने मात्र माणसांना नाव, चेहरा आणि आवाज परत दिला. याउलट १९९६मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘कंबोडियन रॉक्स’वर ना गायकांची नावं होती, ना गाण्यांची. एका पर्यटकाने विकत आणलेल्या कॅसेटींवरून तो संग्रह झाला आणि जगाने या निनावीपणालाच गूढ म्हणून डोक्यावर घेतलं. मारेकऱ्यांनी माणसं पुसली, रसिकांनी श्रेयनामावली पुसली.

ख्मेर रूजचं गाण्याशी वैर नव्हतं. त्यांच्या शेतांवर लाउडस्पीकरमधून क्रांतिगीतं वाजत. त्यांना खुपत होता तो स्वतःच्या सुखासाठी गाणारा, लाडात येणारा, रुसणारा, रात्रभर नाचणारा माणूस. मग त्याच माणसाच्या प्रत्येक गाण्याला आपण हुंदका का जोडतो? आनंदाने गायलेलं गाणं मर्तिकाचं ठरवलं की शेवटचा शब्द पुन्हा मारेकऱ्यांच्याच हाती जातो.

म्हणून मला २०२१मधलं वानडाचं ‘टाइम टू राइज’ हे गाणं महत्त्वाचं वाटतं. या तरुण रॅपरने चापेई हे पारंपरिक तंतुवाद्य वाजवणाऱ्या, ख्मेर रूजच्या राजवटीतून वाचलेल्या कोंग नाय यांना शेजारी उभं केलं आणि त्यांच्याकडून वारसा घेतला, सांत्वन मागितलं नाही. असा वारसा पुढे चालायचा तर मूळ ध्वनिमुद्रणं स्वच्छ करा, गीतकार-संगीतकारांची नावं छापा, मानधन त्यांच्या वारसांना द्या. इतिहासही सांगा, पण गाणं वाजवून झाल्यावर. पेन रानला आधी तिचा ठसका दाखवू द्या.