समोरचे अकरा जण

जानेवारी २०१६, कल्याण. शालेय भंडारी चषकात आर्य गुरुकुल ३१ धावांत बाद झालं. मग के. सी. गांधी शाळेनं दुसऱ्या दिवशीही फलंदाजी चालूच ठेवली. ३ बाद १४६५! प्रणव धनावडे नाबाद १००९. त्या पोराला दोष नाही, धावा काढणं त्याचं कामच. पण डाव कधी सोडायचा, हे सांगायला मोठी माणसं होती ना?

१९४८ मध्ये पुण्यात उलटं झालं. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनचा विक्रम ४५२. अन् काठियावाडनं सामनाच सोडला. हेही मला पटत नाही.

आपली कबड्डी बघा. अख्खा संघ बाद झाला की लोण, वरचे दोन गुण द्या, अन् सगळे पुन्हा मैदानात.