बोडके बेट

कानेतो शिंदो या जपानी दिग्दर्शकाचा 'हादाका नो शिमा' हा १९६० सालचा चित्रपट रसिकांच्या परिचयाचा आहे असे आपण समजतो. हे रसिक म्हणजे चित्रपट-मंडळांचे सभासद, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाशी ज्यांचा कधी संबंध आला ते, आणि माझ्यासारखे इंग्रजी पुस्तकांतून चित्रपट 'वाचणारे' प्राध्यापक. इंग्रजीत त्याचे नाव 'नेकेड आयलंड' असे झाले आणि आपल्याकडे सहजच 'नग्न द्वीप' असे उतरले. गेल्या हिवाळ्यात हा चित्रपट वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार येथे दाखविण्याचा योग आला, तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती या नावाचीच.

शेलूबाजारला शिक्षक असलेला माझा एक जुना विद्यार्थी तेथे लहानसे वाचकमंडळ चालवतो. त्याच्या आग्रहावरून हा बेत ठरला. चित्रपटाच्या हक्कदारांची अनुमती मिळविण्यात काही महिने गेले. ती कथा कंटाळवाणी आहे, म्हणून गाळतो. तिकीट लावावयाचे नव्हते, निमंत्रणे घरोघर द्यावयाची होती. मी मोठ्या उत्साहाने मजकूर लिहून दिला. त्यात मॉस्कोचे पारितोषिक होते, दिग्दर्शकाची जागतिक कीर्ती होती आणि 'दृश्यकाव्य' हा शब्द दोनदा होता. विद्यार्थ्याने तो वाचला आणि अदबीने म्हणाला, "सर, हे वाचून कोणी येणार नाही. आणि 'नग्न' शब्द वाचून जे येतील, ते आपल्याला नको असलेले येतील." मग त्याने स्वतः चार ओळी लिहिल्या. पाणी नसलेल्या बेटावर राहणाऱ्या नवरा-बायकोची गोष्ट. चित्रपटात संभाषण नाही, म्हणून भाषेची अडचण नाही. येताना सतरंजी आणावी. वर नाव घातले, 'बोडके बेट'. आपल्याकडे झाड नसलेल्या डोंगराला आपण बोडका डोंगरच म्हणतो. मूळ जपानी नावाचा इतका अचूक मराठी पर्याय मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता, हे येथे कबूल केलेले बरे.

जाहिरातीला हिणकस मानण्याची खोड आम्हा साहित्यिक मंडळींना फार आहे. कलाकृती थोर असेल तर ती आपला प्रेक्षक आपण शोधील, असे आम्ही वर्गात सांगतो. हे खरे नाही, आणि ते खरे नाही हे आपल्या चित्रपटाच्या जनकाला पुरते ठाऊक होते. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढताना दादासाहेब फाळके यांनी विम्याचे कागद गहाण टाकले आणि सरस्वतीबाईंनी साऱ्या ताफ्याच्या जेवणाचा भार वाहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तोच चित्रपट घेऊन ते सुरतेस गेले आणि पहिल्या खेळाला गल्ल्यात जेमतेम तीन रुपये जमले, तेव्हा त्यांनी काय केले, हा भाग आपण विनोद म्हणून सांगतो. त्यांनी जाहिरात दिली की सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि मोल अवघे तीन आणे! मैलांनी मोजून चित्र विकणारा हा मनुष्य कलावंत नव्हता असे कोण म्हणेल? समोरचा माणूस तीन आण्यांच्या बदल्यात काय मिळणार हे विचारील, आणि त्याच्या मापात उत्तर देणे आपले काम आहे, एवढे त्यांना कळत होते.

शिंदो यांनाही हेच शिकावे लागले. १९५० साली त्यांनी दिग्दर्शक कोझाबुरो योशिमुरा आणि नट ताइजी तोनोयामा यांच्यासह 'किंदाइ एइगा क्योकाइ' ही आपली स्वतंत्र संस्था काढली. त्या काळी जपानात चित्रपटगृहे मूठभर मोठ्या कंपन्यांच्या हाती होती. चित्र त्यांचे, पडदा त्यांचा आणि आठवड्याचा कार्यक्रमही त्यांचाच. बाहेरच्या माणसाने चित्र काढावे, पण ते लावावे कोठे? दहा वर्षांत ही संस्था कर्जाने पुरती खचली. आता मोडायचेच आहे, तर मनासारखे एक चित्र काढून मोडू, अशा निश्चयाने शिंदो दहा-बारा माणसांचा ताफा घेऊन हिरोशिमा प्रांतातील एका चिमुकल्या निर्जन बेटावर गेले. खर्च पन्नास-पंचावन्न लक्ष येन, म्हणजे तेथील सामान्य चित्राच्या खर्चाचा एक लहानसा अंश. नायक तोनोयामा, म्हणजे संस्थेचा भागीदारच; नायिका नोबुको ओतोवा, मोठ्या कंपनीतील स्थान सोडून आलेली. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो साठाहून अधिक देशांना विकला गेला. कर्ज फिटले, संस्था वाचली. शिंदो पुढे शंभर वर्षे जगून २०१२ साली वारले, आणि जवळजवळ अखेरपर्यंत चित्रे काढीत राहिले.

संभाषण नसल्यामुळे हा चित्रपट साठ देशांत गेला, असे त्याच्या यशाचे स्पष्टीकरण देतात. ते अर्धेच खरे आहे. संभाषण नसणे ही सोय झाली, पण जो माल गेला तो पाण्याचा होता.

कथा म्हणावी तर दोन वाक्यांची आहे. जपानच्या अंतर्समुद्रातील एका बेटावर एक जोडपे आणि त्यांची दोन मुले राहतात. बेटावर गोडे पाणी नाही, म्हणून नवरा-बायको दिवसातून अनेकदा नाव वल्हवीत शेजारच्या बेटावर जातात, बादल्या भरतात, परत येतात आणि खांद्यावर कावड घेऊन तो उभा चढ चढतात. वर गेल्यावर एकेका रोपाला ओंजळभर पाणी. जमीन ते पिते, आणि ती दोघे पुन्हा खाली उतरतात. शिंदो हे सारे एकदा दाखवून थांबत नाहीत. ते पुन्हा दाखवतात, आणि पुन्हा. पहिला अर्धा तास जवळजवळ यातच जातो. शहरातील पडद्यांवर याच ठिकाणी खुर्च्या कुरकुरू लागतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. शेलूबाजारच्या त्या शाळेच्या सभागृहात सतरंज्यांवर बसलेल्या शंभर-सव्वाशे माणसांत त्या वेळी कसलीही चुळबूळ नव्हती. एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक चढाला हलकेच मान पुढे काढीत होते, जणू कावड त्यांच्याच खांद्यावर आहे.

येथे कर्नाटकातील हेग्गोडूची आठवण होणे साहजिक आहे. शिमोगा जिल्ह्यातील त्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेने सुमारे १९८० च्या आगेमागे, पुण्याच्या सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांच्या साहाय्याने, सुपारीच्या बागाइतदारांना 'पथेर पांचाली' दाखविला, 'बायसिकल थीव्ज' दाखविला आणि कुरोसावांचा 'राशोमोन'ही दाखविला. पुढे नायर यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट निघाला, त्यात तेथील शेतकरी ही चित्रे आठवून बोलतात. महाराष्ट्रात तर जत्रेतल्या तंबूतील सिनेमाची परंपरा शहरी चित्रगृहांइतकी जुनी आहे. तेव्हा खेड्यातील प्रेक्षकाला 'असले' चित्र कळणार नाही, ही समजूत अनुभवातून आलेली नाही. ती वितरकाच्या आळसातून आली, आणि आम्ही टीकाकारांनी, आपले वेगळेपण टिकावे म्हणून, ती खोडून काढली नाही.

परंतु मला येथे खेड्यातील प्रेक्षकाची आरती ओवाळावयाची नाही. कारण त्या रात्री चित्रपटाची जी टीका झाली ती कौतुकाची नव्हती. खेळ संपल्यावर मी दहा मिनिटे बोललो. मग एक शेतकरी उठून म्हणाले, "सर, भर दुपारच्या उन्हात झाडाले पानी देते का कोनी? मुया उकडून जातीन ना!" सभागृहात हशा पिकला, पण तो माझ्यावर होता, त्यांच्यावर नव्हता. मी अरिस्टॉटलचा आश्रय घेतला. काव्यात अशक्य पण पटण्याजोगे चालते, शक्य पण न पटणारे चालत नाही, असे काहीसे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. "तुमचं बरोबर हाय सर," ते म्हणाले, "पन झाड मरते."

हा आक्षेप मी तेथे परतवून लावण्याचा यत्न केला. परत येताना वाटेत तो मला पटत गेला. तो केवळ शेतकीच्या चुकीचा नाही. शिंदो यांना दुपार हवी होती, कारण दुपारच्या उन्हात घाम चमकतो, सावल्या कठोर पडतात आणि कष्ट हे कष्ट म्हणून डोळ्यांत भरतात. पण कष्ट करणाऱ्याचे लक्ष आपल्या कष्टांवर नसते, ते रोपावर असते. ज्या क्षणी दिग्दर्शक रोप विसरून घामाकडे पाहतो, त्या क्षणी पाणी हे पाणी राहत नाही, प्रतीक होते. आणखी एकाने विचारले की तेथे पाऊस पडतो असे दिसते, मग वर एखादे टाके खोदून पाणी का साठवीत नाहीत? याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, शिंदो यांच्याजवळही नसावे. टाके खोदले असते तर चित्रपट उरला नसता.

माझा स्वतःचा आक्षेप हिकारू हायाशी यांच्या संगीताविषयी आहे. सूर उत्तम आहे. पण तो इतक्या वेळा येतो, आणि नेमका तेथे येतो जेथे आपल्याला काही वाटण्याची अपेक्षा आहे, की शेवटी शेवटी तो हात धरून रडवणाऱ्या नातलगासारखा वाटू लागतो. त्या रात्री ध्वनिक्षेपकाची तार सुटून काही मिनिटे आवाज बंद पडला. संगीत गेले याचे मला मनातून बरे वाटले. पण वल्ह्याचा आवाज आणि पाण्याचा शोषला जाण्याचा आवाजही गेला, आणि हे दोन आवाज म्हणजे या चित्रपटाचे खरे संभाषण आहे. प्रेक्षकांपैकीच एकाने तार जोडली.

आता त्या प्रसंगाकडे येतो ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. चित्रपटाच्या पूर्वार्धात बायको चढावर अडखळते आणि तिच्या कावडीतील एक बादली सांडते. नवरा आपली कावड खाली ठेवतो, जवळ येतो आणि तिच्या थोबाडीत देतो. ती पडते, उठते, दोघे कामाला लागतात. यावर मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे की येथे पाण्याचे मोल एका क्षणात प्रगट होते. शेलूबाजारला या ठिकाणी मागे बसलेली काही तरुण मुले हसली. बायकांच्या बाजूला कोणी हसले नाही, आणि कोणी हळहळलेही नाही.

पुढे चित्रपट बरीच वळणे घेतो. मुले एक मोठा मासा धरतात, तो विकण्यास सारे कुटुंब शहरगावी जाते, खानावळीत जेवते, दोरावरच्या पाळण्यात बसते. तो दिवस फार सुंदर आहे. मग थोरला मुलगा आजारी पडतो. बाप नाव घेऊन डॉक्टर आणावयास धावतो आणि डॉक्टर येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मुलाला बेटाच्या माथ्यावर पुरतात. त्यानंतर पुन्हा पाणी, पुन्हा चढ, पुन्हा ओंजळ. आणि अशाच एका खेपेला बाई एकाएकी बादली उपडी करते, रोपे उपटून फेकते आणि जमिनीवर पडून आक्रोश करते. नवरा उभा राहून पाहतो. मग तो आपल्या रोपाकडे वळतो, आणि काही वेळाने तीही उठते.

हा आक्रोश म्हणजे मातृशोक, असे मी माझ्या दहा मिनिटांत सांगितले होते. सभा मोडत असताना एक पन्नाशीच्या बाई माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीशी बोलत होत्या. मला ऐकविण्याचा त्यांचा हेतू नव्हता. "पयल्यांदा तिच्या हातून सांडलं तं त्यानं मारलं," त्या म्हणाल्या. "मंग तिनं मुद्दाम सांडलं. आता मार म्हना!"

मी हा चित्रपट चार-पाच वेळा पाहिला आहे, त्यावर इंग्रजीत लिहिलेले बरेच वाचले आहे आणि थोडे लिहिलेही आहे. त्या दोन बादल्या मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. एकदा ठेवल्या की चित्रपटाची सारी घडण बदलते. शेवटच्या दृश्यात नवऱ्याचे नुसते उभे राहणे, ज्याला मी आजवर सोशिकपणा म्हणत आलो, ते त्या थोबाडीत दिल्याचे उत्तर होते. त्याच पाण्यासाठी उगारलेला हात या वेळी उगारता येत नाही. शोक तेथे आहेच. पण त्या शोकात एक जुना हिशेब आहे, आणि तो मांडण्याची तिला आयुष्यात एकच संधी मिळाली, तीही मूल गेल्यावर. शिंदो यांनी हे जाणून योजिले होते काय, हा प्रश्न येथे गौण आहे. ते पडद्यावर आहे, आणि ज्यांनी पाणी वाहिले आहे व मारही पाहिला आहे त्यांना ते दिसते. मागील मुलांना बोलावून हे सांगावे असे मला वाटले. पण ती तोवर मोटारसायकलींवर बसून निघून गेली होती.

त्या बाईंशी बोलावे म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी पदर सावरून विषयच बदलला. कावडीपेक्षा डोक्यावरची घागर बरी, चुंबळ नीट असली की चढावर थेंब सांडत नाही, एवढे सांगून त्या गेल्या.

समृद्धी महामार्ग आता शेलूबाजारला लागूनच जातो, त्यामुळे परतीचा प्रवास लवकर झाला. वाटेत विद्यार्थ्याने पुढील खेळाची गोष्ट काढली. मी ओझू यांचा १९५३ सालचा 'तोक्यो मोनोगातारी' सुचविला. त्यात शहरात स्थायिक झालेल्या मुलांना भेटावयास म्हातारे आईबाप जातात, आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो. संभाषण भरपूर आहे, तेव्हा मराठी पाट्या कराव्या लागतील, आणि ते काम माझ्याकडे आहे. नावाचा प्रश्न पुन्हा आहेच. 'तोक्योची कहाणी' हे मी सुचविलेले नाव त्याला पसंत नाही. त्याच्या मते 'पुण्याले गेलेले मायबाप' असे छापले तर सभागृह पुरणार नाही. पुणे त्या चित्रपटात कोठेच नाही, हे मी त्याला दोनदा सांगितले.