दहाच्या आत नाचा

माणसाच्या नाचण्यासाठी आपल्या वर्तमानपत्रांकडे चार शब्द आहेत आणि ते चारही त्यांनी लोणच्याच्या बरण्यांसारखे वेगवेगळे बांधून ठेवले आहेत. देवापुढे नाचले तर 'उत्साह'. लग्नात नाचले तर 'जल्लोष'. पुढारी निवडून आला म्हणून नाचले तर 'आनंदोत्सव'. आणि कोणाच्याच निमित्ताने न नाचता, माणसे आपली नुसतीच नाचली, तर 'धिंगाणा'! पहिल्या तिघांना पोलिसांचा बंदोबस्त मिळतो, चौथ्यावर पोलिसांचा छापा पडतो. बंदोबस्त आणि छापा यांत पोलीस तेच असतात, काठी तीच असते. तोंड मात्र एकदा नाचणाऱ्यांकडे पाठ करून असते आणि एकदा त्यांच्याकडे वळलेले असते.

'रेव्ह पार्टी उधळली' असा मथळा वाचून आमच्या सौ.नी मला विचारले, "रेव्ह पार्टी म्हणजे काय हो?"

मी निवृत्त मास्तर. समोर विद्यार्थी दिसला की व्याख्या सुचतेच. म्हटले, "रात्रभर, मोकळ्या जागेत, कानठळ्या बसतील अशा आवाजात, एकाच ठेक्यावर शेकडो माणसं नाचतात. तिकीट नाही, आमंत्रण नाही."

"म्हणजे आपल्या भाच्याची वरात?"

"वरातीला आमंत्रण होतं."

"नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना कुठं होतं?"

ह्यावर मी पेपर तोंडापुढे धरला. मास्तरांनी असे प्रसंग पुष्कळ पाहिलेले असतात.

पण सौ.चा प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटलाही पडला होता, असे पुढे माझ्या वाचनात आले. तिकडे ही फुकटची पार्टी फार बोकाळली. १९९२ च्या मे महिन्यात कॅसलमॉर्टन नावाच्या गायरानावर हजारो पोरे जमली आणि आठवडाभर हलेनात. मग १९९४ साली सरकारने कायदा केला. शंभराच्या वर माणसे उघड्यावर जमली, रात्री कर्ण्यावर संगीत लावले आणि आसपासच्या लोकांना त्याचा गंभीर त्रास होण्याजोगा असला, तर पोलिसांनी त्यांना हाकलावे. आता संगीत म्हणजे काय? कायदेपंडितांनी त्याचीही सोय केली. एकापाठोपाठ एक तेच तेच ठोके, ज्यात प्रामुख्याने येतात तेही संगीतच! भरतमुनींपासून आजवर एवढी सुटसुटीत व्याख्या कोणाला साधली नव्हती. २००३ साली शंभराचा आकडा खाली आणून वीसवर ठेवला.

वीस! वीस माणसे तर आमच्याकडे नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरायला असतात. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग करून महाराष्ट्राला हसवले. ते वऱ्हाड मराठवाड्यातले, आणि निघाले ते कायदा होण्याच्या पुष्कळ आधी, म्हणून निभावले. आज ते लंडनच्या कडेला एखाद्या मैदानात रात्री उतरले आणि बँडवाल्याने कर्णा लावून नागीण काढली, तर सगळे वऱ्हाड हवालदारापुढे उभे राहील. आणि आमच्या अमरावती-अकोल्याकडले गेले, तर दोन्ही अर्थांनी वऱ्हाडच उभे राहील!

आपल्याकडे त्या नावाचा गाजावाजा झाला तो २००७ च्या मार्चमध्ये. पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे गावी पोलिसांनी छापा घातला आणि पावणेतीनशेच्या वर तरुण-तरुणी पकडल्या. तिथे अमली पदार्थ होते. तो गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण आमच्या कट्ट्यावर त्यानंतर आठ दिवस जी चर्चा चालली, तिच्यात गांजाचे नाव ओझरतेच निघत होते. मुलींचे कपडे, त्यांच्या बापांचे पगार आणि 'रात्रभर घरच्यांना पत्ताच नाही?' हेच तीन विषय होते. महाशिवरात्रीला भांग घोटताना हेच कट्टेकरी बदाम जास्त घालायचे की बडीशेप, एवढ्यावरच वाद घालतात.

गोव्याची गोष्ट याहून मासलेवाईक. हणजुण्याच्या किनाऱ्यावर सत्तरीच्या दशकात गोरे हिप्पी आले आणि पौर्णिमेच्या चांदण्यात फुकट नाचू लागले. गावच्या बायकांनी काय केले? चटया अंथरल्या, कंदील लावला, स्टोव्ह पेटवला आणि चहा-आम्लेट विकायला बसल्या. जोवर चटईवर चहा खपत होता तोवर ठेका गावाला फारसा खुपत नव्हता. पुढे देशभर दहाचा नियम आला, त्याची अंमलबजावणी होऊ लागली, आणि किनाऱ्यावरची पार्टी हळूहळू कुंपणाच्या आत गेली. कुंपण आले की दार येते, दार आले की तिकीट येते. फुकटचे गेले, विकतचे राहिले. चटई मात्र गुंडाळली गेली.

हे सगळे वाचताना मला सारखे आमचे बहिरम आठवत होते.

ज्यांना बहिरम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बैतुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहिरमबुवाचे ठाणे आहे. बहिरम म्हणजे भैरव. मूर्ती लोणी-शेंदराने माखलेली. डिसेंबरच्या अखेरीपासून महिनाभराच्या वर तिथे यात्रा चालते. शेतातला माल घरात आलेला, हातात पैसा, थंडी मरणाची, आणि गोवऱ्यांच्या आरावर रोडगे नि हंडीतले मटण! माणूस आणखी काय मागणार? आमची मागची पिढी आणखी एक गोष्ट मागत असे आणि ती तिथे मिळत असे. तमाशा.

दिवसा देव, रात्री तमाशा, अशी बहिरमची जुनी वाटणी होती. एकेकाळी तिथल्या राहुट्या त्यासाठीच गाजत. गंमत अशी, की स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होते. खेरसाहेबांचा हुकूम आमच्यापर्यंत पोचायचा नव्हता. आम्ही मुंबईला जोडले गेलो १९५६ साली, आणि तोवर तिकडची बंदी उठून संहिता तपासणारे मंडळ आले होते. गाडगेबाबांनी बहिरमला येऊन कोंबड्या-बकऱ्यांचा बळी देऊ नका म्हणून घसा फोडला. तो सगळ्यांनी हात जोडून ऐकला आणि संध्याकाळी हंडी चढवली. पुढे काळ बदलला, तमाशे बंद झाले. यात्रा आजही भरते, रोडगे आजही भाजले जातात.

तमाशा बंद झाला याचे दुःख करणारा एक माणूस मला भेटलेला नाही, आणि तिथे गेलो होतो असे कबूल करणारा त्याहून नाही. आमच्या नात्यातले एक वडीलधारे 'त्या बायांचा फार उच्छाद झाला होता' असे म्हणत. उच्छाद नेमका काय ते त्यांना तपशीलवार ठाऊक होते, हा भाग निराळा. जिच्या घुंगरांवर चार माणसांचे घर चालत होते, ती बाई दुसऱ्या हंगामात कुठे गेली, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. विचारलेही नव्हते. बंद करणाऱ्यांची सभा होते, फोटो निघतो. बंद झालेल्यांची सभा कुठे होत नाही.

आता अकोल्याकडे वळतो, कारण अकोल्याने याचे दुसरे टोक गाठले आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. १९४४ साली पावसाने डोळे वटारले होते, तेव्हा काही तरुणांनी गांधीग्रामहून कावडीने पाणी आणून महादेवाला घातले, तिथपासून ही प्रथा. आदल्या रात्री पोरे गांधीग्रामला जातात आणि शेकडो भरण्यांच्या अजस्र कावडी खांद्यावर घेऊन सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत येतात. 'हर्र बोला महादेव!' अशी आरोळी उठली की झोपलेले गाव उठून बसते. रात्रभर, उघड्यावर, ठेक्यावर, विनातिकीट! विलायती कायद्याची एकेक अट इथे लागू पडते. पण अकोल्यात माणसे रस्त्याच्या कडेला फराळाचे आणि पाण्याचे मांडव घालतात, म्हाताऱ्या उंबऱ्यावर बसून हात जोडतात. खांद्याला फोड आलेला पोरगा चालताना दिसला, की सगळ्या रात्रीची झोप माफ होते. मीही ती माफ करतो. पोलीस रस्ता मोकळा करतात, आणि त्यांनी तो करावाच.

मात्र त्याच कावडीच्या मागे एक ट्रक येतो. त्याच्यावर पेटाऱ्यांची भिंत. त्याला आम्ही डीजे म्हणतो. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच डॉल्बी म्हणतात. त्या भिंतीपुढून जाताना आवाज कानाला ऐकू येत नाही, छातीला ऐकू येतो. खिडकीच्या काचा ताल धरतात. आणि माझी खरी टीका आहे ती या ट्रकावर.

अहो, गोंगाट आमच्या लहानपणी कमी होता असे नव्हे. पण त्या गोंगाटाला दम लागत असे! बँडातला क्लॅरोनेटवाला फुंकून फुंकून लाल व्हायचा, मध्येच थांबून विडी ओढायचा. डफडे थंडीने ढिले पडायचे, की वाजवणारे कागद-काड्या पेटवून ते शेकत बसायचे. तेवढ्यात गल्लीतले तान्हे पोर झोपून जायचे. पेट्रोमॅक्सच्या बत्तीत रॉकेल किती, त्यावर वरात किती वाजता संपणार हे ठरायचे. रात्रीला शेवट होता, आणि तो कोणा फौजदाराने घातलेला नव्हता. जनरेटरला विडी लागत नाही. पेटारा शेकावा लागत नाही. दमणारा माणूस काढून घेतला आणि मग आम्ही रात्र संपवण्याचे काम पोलिसांकडे सोपवले.

त्याशिवाय गल्लीचा एक हिशेब असे. तुमच्या घरी हळद, मी एक रात्र सोसली. माझ्या घरी बारसे, तुम्ही सोसा. घरात कोणी अत्यवस्थ असले तर एक म्हातारा उठून जायचा. "काऊन रे पोट्टेहो, त्या घरात बुढा शेवटच्या घटका मोजून रायला, तुमाले समजत नाही का?" एवढ्यावर डफडे पुढच्या चौकात जायचे. त्या म्हाताऱ्याकडे डेसिबल मोजायचे यंत्र नव्हते. आता यंत्र आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. एवढी मर्यादा आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर रोज मोडतो. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. फक्त वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकारने सणासुदीसाठी बारापर्यंत सूट द्यावी. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निकाल दिला. त्या खटल्यातला एक अर्ज एका घटनेमुळे झालेला होता. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती ओरडली. शेजारी कर्णा चालू होता, कोणाला ऐकू गेले नाही. तिने पुढे स्वतःला जाळून घेतले.

म्हणून दहाच्या नियमाची थट्टा मी करणार नाही. थट्टा करायची ती त्याच्या घड्याळाची. हे घड्याळ नाचणाऱ्याचे तोंड पाहून चालते. कॉलेजच्या पोरांनी शेतात स्पीकर लावला, तर त्यांचे दहा पावणेदहालाच वाजतात. मंडळाच्या अध्यक्षाचे साडेअकराला. आमदाराच्या पुतण्याच्या वरातीत तर घड्याळच बंद पडते आणि ते दुरुस्त करायला आलेला शिपाई जेवून जातो. तक्रार करायची म्हटली तर नाव सांगावे लागेल ही भीती. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी फोन केला. अर्ध्या तासात दोन पोरे दारात आली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "काका, काई त्रास होऊन रायला का जी?" त्या 'जी'ने काकांना घाम फुटला. ते म्हणाले, "छे! उलट जरा वाढवा म्हणून सांगणार होतो."

आता आमच्या मागच्या घरी पुढच्या शनिवारी हळद आहे. मुलीचे वडील परवा मुद्दाम सांगायला आले. मला बरे वाटले. जुना हिशेब कुठेतरी शिल्लक आहे म्हणायचा.

"मास्तर, डीजे लावलाय जी. पोट्टे ऐकतच नाहीत. तुमच्या आईले त्रास व्हईन. दोन दिवस अकोल्याले धाडून देता का?"

आमची आई नव्वदीला आली आहे आणि एका कानाने मुळीच ऐकत नाही. दुसऱ्याने नेमके एवढे ऐकले. आतून म्हणाली, "मी कुठं जात नाही. मले खुर्ची बाहेर टाकून द्या. अन् त्या ट्रकवाल्याले सांगजा, दहा वाजता बंद नाही झालं, तर म्या त्याच्या समोर खुर्ची मांडून बसतो."

ते गृहस्थ मुकाट्याने चहा पिऊन गेले. शनिवारी त्या ट्रकासमोर पोलीस उभे राहतील की नाही ते मी सांगू शकत नाही. खुर्ची मात्र आईने आजच पुसून ठेवली आहे.