चौपन्नाव्या पातळीवरून

दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन, एवढ्यावर उभ्या असलेल्या हायड्रोजन रेणूचा बंध तोडायला नेमकी किती ऊर्जा लागते? झुरिक आणि ॲम्स्टरडॅमच्या सात संशोधकांनी 2009 मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये याचे उत्तर दिले. 1890 मध्ये कलाभवन काढून देशभाषेतून तंत्रविद्या शिकवणाऱ्या बडोद्यात या निबंधाचे रसग्रहण मराठीतच व्हायला हवे.

त्याचे मोठे सौंदर्य हे, की बंध कुठेही तोडलेला नाही. 202 नॅनोमीटर लेसरचे दोन फोटॉन एकदम शोषून रेणू 99109.73139 प्रतिसेंटिमीटर (हे वर्णपटशास्त्रातले ऊर्जेचे एकक; पुढचे ऊर्जेचे आकडेही त्यातच) वर चढतो. हे मोजमाप ॲम्स्टरडॅमचे. तिथून झुरिकचा 397 नॅनोमीटरचा जांभळा लेसर त्याला आणखी 25209.99756 उचलतो आणि एक इलेक्ट्रॉन चौपन्नाव्या पातळीवर पोचतो. प्रोटॉनांमधले अंतर 0.074 नॅनोमीटर, तर हा इलेक्ट्रॉन सुमारे दीडशे नॅनोमीटर लांब! उत्तरायणातला पतंग दिसेनासा झाला तरी बोटांना दोराची ओढ कळते, तसा तो अजून रेणूचाच असतो. सुटायला उरलेले 37.50902 सिद्धांताने काढले आहेत. चौपन्नावरच थांबण्याचा हा संयम मला फार आवडतो. आणखी वर जावे तर भरकटलेले किरकोळ विद्युतक्षेत्रही रेषा सरकवते. हा हळवेपणा पातळीच्या क्रमांकाच्या सातव्या घाताने वाढतो.

रेणूच्या फिरण्याची ऊर्जा जमेस धरली की आयनीभवनाचा आकडा मिळतो, 124417.49113. पुढच्या युक्तिवादापाशी मी दर वेळी थांबतो. इलेक्ट्रॉन काढा, उरलेला आयन फोडा, मग तोच इलेक्ट्रॉन सुट्या प्रोटॉनला परत द्या. म्हणजे वरच्या आकड्यात 21379.35023 मिळवायचे आणि 109678.77174 वजा करायचे. उत्तर येते 36118.06962. बंधाची किंमत बंधाला हात न लावता हाती येते!

या आकड्यामागे जुना वादही आहे. 1968 मध्ये सिद्धांतकार कोवोस आणि वोल्निएविच यांचे गणित वर्णपटतज्ज्ञ हर्ट्झबर्गच्या मोजमापाशी जुळेना. गणित मोडीत न काढता हर्ट्झबर्गने पुन्हा वर्णपट घेतले, आणि 1970 मध्ये प्रयोगच गणिताकडे सरकला. 2009 मध्येच पोलिश सिद्धांतकारांनी स्वतंत्रपणे काढलेली किंमत 36118.0695 आहे. तिच्यातली अनिश्चितता 0.0010, प्रयोगातली 0.00037, म्हणजे आता अधिक बारीक व्हायची पाळी गणिताची होती.